आठवी ड आणि आमचं अभ्यासमंडळ

नाशिक रोडच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायचे तिथे नव्या शिक्षकाला आठवी ड द्यायचा रिवाज होता. मी लागले सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. तीन वर्षं झाली तरी ड माझ्याकडेच होती, कारण माझ्यामागून जे लागले ते सगळे संस्थेतल्या कोणाचे ना कोणाचे नातलग निघाले.

सातवीच्या मार्कांवरून तुकड्या पाडत. अ मध्ये हुशार, ड मध्ये उरलेले. कागदावर एवढंच. पण अ च्या वर्गात पाऊल टाकलं की साहेबांची, बँकेतल्या लोकांची आणि आम्हा शिक्षकांची मुलं दिसायची. ड मध्ये आमच्या कॉलनीतली बौद्धांची मुलं, विहितगावकडून पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बाजारात टाकून येणारी मुलं, आणि इगतपुरीहून बापाची बदली झाली म्हणून वर्षाच्या मध्येच येऊन पडलेली रेल्वेवाल्यांची एकदोन. एका खोलीत अडुसष्ट जण. अ मध्ये बेचाळीस. मी एकदा मुख्याध्यापकांना विचारलं, की जे हुशार आहेत त्यांना कमी गर्दी आणि ज्यांना जास्त समजावून सांगायला लागतं त्यांना जास्त गर्दी, हे कसं? ते म्हणाले, "बाई, ड मधली निम्मी मुलं दिवाळीनंतर येतच नाहीत. आपोआप कमी होतात."

त्याच शाळेत इतिहास शिकवणारे एक ज्येष्ठ सर होते. त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी अभ्यासमंडळ भरायचं. आठदहा जण असायचे. बहुतेक शिक्षक, एक विमा कचेरीतले कारकून, एक कामगार संघटनेतले गृहस्थ. बाई मी एकटीच. मला तिथे सरांनीच नेलं. दुसऱ्या वर्षी संस्था मला कायम करायचं टाळत होती तेव्हा सर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि ऑर्डर टाइप होऊन हातात पडेपर्यंत उठले नाहीत. आम्ही शिक्षक महागाई भत्त्यासाठी संपावर गेलो तेव्हाही सगळ्यांच्या पुढे तेच होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून ते ढोंगी होते असं कोणाला वाटेल. ढोंगी असते तर मला एवढा वैताग आला नसता.

मंडळात सर सांगायचे, शाळा ही सत्ताधाऱ्यांची यंत्रणा आहे. ती कामगाराच्या मुलाला कामगार करते, साहेबाच्या मुलाला साहेब करते, आणि वर त्याला गुणवत्ता असं नाव देते. शिक्षक त्या यंत्रणेतला मुकादम असतो. त्याने मुकादमी सोडून मुलांच्या बाजूला उभं राहायला हवं. मी रोज जे बघत होते त्याला कोणीतरी नाव दिलं होतं. मंडळात 'वर्ग' हा शब्द तासाला पन्नासदा यायचा आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर माझा तो अडुसष्ट मुलांचा वर्गच यायचा.

एका रविवारी मी म्हटलं, "सर, आपल्या शाळेतल्या तुकड्या म्हणजे हेच की."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "उत्तम उदाहरण आहे." आणि पान उलटून पुढे गेले. आठवी ड तिथे दोन वर्षं उदाहरण म्हणून कामाला आली.

घरी आले की मी हे सगळं वडिलांना सांगायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा नोटांच्या प्रेसमध्ये हमाल म्हणून लागले होते आणि मशीनवर काम करून निवृत्त झाले होते. मी म्हटलं, "सर म्हणतात, शाळा माणसाला गुलाम करते."

दादा दाढी करत होते. ते म्हणाले, "तुझे सर शिकले कुठं?"

"पुण्याला."

"आन् त्यांचे वडील?"

"ते पण मास्तरच होते."

"मग त्यांना शाळेचा कंटाळा आला आसंल. आमची तर आत्ता कुठं सुरुवात हाय."

मला त्यांचा राग आला. त्यांना सिद्धान्त कळत नाही असं वाटलं. सव्वीस वर्षांच्या मुलीला बापाबद्दल असं वाटायला फार लागत नाही.

शाळा सकाळी सातला भरायची. प्रार्थना सुरू झाली की शिपाई फाटक लावून घ्यायचा. बाहेर राहिलेल्यांची नावं एका वहीत लिहायची, मग त्यांच्या हातात झाडू द्यायचे आणि पहिला तास संपेपर्यंत मैदान झाडून घ्यायचं, अशी पद्धत होती. आठवड्यातून एक सकाळ वहीची पाळी माझ्याकडे असायची. तीन वर्षं मी ती वही भरली. मान खाली घालून नावं लिहिली. कोणाची लिहितेय हे मी कधी पाहिलं नाही, आणि ही माझी चूक कोणत्याही यंत्रणेच्या माथ्यावर मारता येत नाही.

त्यात एक मुलगी कायम असायची. आमच्याच कॉलनीतली, माझ्याच आठवी ड मधली. तिला गणितात गती होती. मी फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं आणि ते सांगावं की नाही अशी तिची चुळबुळ चालायची. ड मध्ये अशी गती असलेली मुलं असायची. त्यांचं पुढे कोणी काही करत नसे, एवढंच.

मी तिला एकदा विचारलं, "रोज उशीर का गं होतो?"

"बाई, नळाला पाणी साडेसहाला येतं."

"मग लवकर भरून घ्यायचं."

"साडेसहाच्या आधी कसं भरणार, बाई?"

मी वहीत नाव लिहिलं.

एका सकाळी, थंडीचे दिवस होते, मी मैदानात वही घेऊन उभी होते आणि सातआठ मुलं झाडत होती. दादा दूध घेऊन परत निघाले होते. ते फाटकापाशी थांबले. मला वाटलं काही निरोप आहे, म्हणून मी हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झाडणाऱ्या त्या मुलीकडे बघितलं आणि निघून गेले.

दुपारी घरी आले तर ते जेवायचे थांबले होते. ताटावर बसले, पण हात लावला नाही.

"ती पोरगी काय करत होती?"

"उशिरा आली. उशिरा आलेल्यांना झाडायला लागतं."

"समद्यांना?"

"हो, नियमच आहे."

"मी रोज त्याच वक्ताला तिथनं जातो. मला तर आपलीच पोरं दिसत्यात. आन् ती भाजीवाल्यांची." मग म्हणाले, "मला पण झाडायला लावायचे. मास्तर यायच्या आधी सगळी शाळा झाडायची, आन् मग वऱ्हांड्यात बसायचं. चौथीपर्यंत. आत कदी घेतलं नाय."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही ठाऊक नसावं, कारण ती पोळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"तू मास्तरीण झाली तवा मी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले," दादा म्हणाले. "वही घेऊन हुबी राहायला नाय वाटले."

दुसऱ्या दिवशी मी शिपायाकडून ती वही मागून घेतली आणि मागच्या दोन महिन्यांची नावं तुकड्यांप्रमाणे लिहून काढली. अ मधली तीन नावं होती, त्यातली दोन सर्दीपडशाच्या चिठ्ठीमुळे खोडलेली. बाकी सगळी क आणि ड ची. तो कागद घेऊन मी रविवारी मंडळात गेले.

चर्चा फार छान झाली. दीड तास चालली. श्रमाला कमी लेखणं ही सरंजामी वृत्ती आहे, असं एक जण म्हणाले. समाजवादी समाजात सगळेच झाडतील, असं दुसरे म्हणाले. मी म्हटलं, "मग उद्यापासून अ ने पण झाडावं. आपण पण झाडू." सगळे हसले. मी गंमत केलेली नव्हती. शेवटी सर म्हणाले, "बाई, हा मुद्दा स्टाफ मीटिंगमध्ये मांडा. मी तुमच्या पाठीशी आहे."

मी मांडला. दोन मागण्या केल्या. उशिरा आलेल्यांना झाडायला लावणं बंद करावं, आणि पुढच्या वर्षी नववीच्या तुकड्या मार्कांवर न पाडता सगळी मुलं मिसळून पाडाव्यात. पहिल्या मागणीवर स्टाफरूममध्ये थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या मागणीवर एकदम शांतता पसरली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमची कळकळ समजते. पण हुशार मुलांचं नुकसान होईल. बोर्डाच्या निकालाला कोण जबाबदार?" मग सगळे इतिहासाच्या सरांकडे बघायला लागले.

सर उठले आणि पंधरा मिनिटं बोलले. म्हणाले, प्रश्न अत्यंत मूलभूत आहे. परंतु तो एका शाळेचा नाही, सबंध व्यवस्थेचा आहे. उत्पादनाचे संबंध तेच राहिले तर तुकड्यांच्या फेरफाराने काही साधणार नाही. उलट काहीतरी बदलल्याचा भास निर्माण होईल, आणि तो जास्त धोकादायक. हा सुधारणावाद आहे. मुख्याध्यापक मान डोलवत होते. डाव्या विचाराला त्यांनी मान डोलवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मतदान झालं. माझा हात वर होता आणि चित्रकलेच्या सरांचा. ते बिचारे कधी मंडळात आले नव्हते. त्यांना सिद्धान्त वगैरे काही माहीत नव्हता. ते एवढंच म्हणाले, की पोरं झाडून येतात आणि हात धुळीने भरलेले असतात, मग कागद खराब होतात.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. "सर, तुम्ही पाठीशी होतात ना?"

"मी विरोधात हात वर केला का?"

"बाजूनेही नाही केलात."

ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझी मुलगी आठवी अ मध्ये आहे. दोन वर्षांत दहावी. घरी तिच्या आईला मी काय सांगू?"

"मग हेच सांगायचं होतं आत. एका वाक्याचं होतं. पंधरा मिनिटं कशाला घेतलीत?"

खरं सांगायचं तर ते आत हे एक वाक्य बोलले असते तर मला त्यांचा राग आला नसता. कोणत्या बापाला आपलं लेकरू पुढे जावंसं वाटत नाही? पण त्यांनी मुलीसाठी सगळा सिद्धान्त वापरला. जो सिद्धान्त मी ड च्या मुलांसाठी शिकायला गेले होते तोच त्यांनी ड च्या तोंडावर टाकला.

त्यानंतर माझ्या पाळीच्या दिवशी मी वहीत नावं लिहिणं बंद केलं. फाटक उघडून घ्यायचे आणि मुलांना सरळ वर्गात पाठवायचे. चार आठवडे चाललं. मग मेमो आला. मी लेखी उत्तर दिलं, जरा लांबच दिलं. मे महिन्यात हातात ऑर्डर पडली. संस्थेची एक शाखा कळवणला होती, तिथे माझी बदली झाली होती.

सर घरी आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, आपण याच्याविरुद्ध लढू. त्यांनी अर्जाचा मसुदा लिहून आणला होता. सूडबुद्धीने केलेली बदली, सेवाशर्तींचा भंग, सगळं मुद्देसूद होतं. मी दोनदा वाचला. त्यात झाडूचा उल्लेख नव्हता, तुकड्यांचाही नव्हता.

"झाडूचं का नाही लिहिलं, सर?"

"ते लिहिलं तर बाकीचे शिक्षक सह्या करणार नाहीत."

मी माझ्याच अर्जावर सही केली नाही. दादांनी नंतर मला मूर्ख म्हटलं. मी तेव्हा भराभरा सामान बांधलं. आपण काहीतरी तत्त्वाचं केलं, असं वाटत होतं.

कळवणला तुकड्याच नव्हत्या, कारण तेवढी मुलंच नव्हती. आठवीचा एकच वर्ग. त्यात तालुक्याच्या कचेरीतल्या अंमलदाराचा मुलगा, शेतकऱ्यांची मुलं, डोंगराकडच्या वाड्यांवरून चालत येणारी मुलं, सगळी एका बाकावर. ज्यासाठी मी नाशिक रोडला भांडले ते इथे कोणी न मागता मिळालं होतं. आणि तरी सोपं काही नव्हतं. "बाई, माले समजनं नही," असं एक मुलगी तिच्या बोलीत म्हणायची, आणि मला आधी तिचं समजायला लागायचं. कांदा काढायला आला की निम्मा वर्ग रिकामा. सिद्धान्त बरोबर होता, पण तो रोज पहिल्या तासाला शिकवायला येत नव्हता.

दुसऱ्या वर्षी चित्रकलेच्या सरांचं पत्र आलं. झाडू बंद झाले होते. कसे, तेही त्यांनी लिहिलं होतं. एका साहेबाच्या मुलाची बस चुकली, तो उशिरा आला, आणि नव्या शिपायाला जुन्यासारखं तुकडी बघून आत सोडायचं न कळल्यामुळे त्याने त्याच्याही हातात झाडू दिला. दुपारी साहेब शाळेत आले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सूचना काढली, की विद्यार्थ्यांकडून मैदानाची स्वच्छता करून घेणं त्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाही. मैदान झाडायला माणूस नेमला.

मी ते पत्र वाचून एवढी चिडले, की त्या दिवशी सातवीचा तास नीट घेता आला नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा दादांना सांगितलं.

"थांबलं ना?" ते म्हणाले.

"थांबलं, पण कशामुळे ते बघा ना."

"तू कारण धरून बस. पोरांच्या हातातला झाडू गेला." आणि त्यांनी रेडिओ लावला. मला त्यांच्यावरही चिडायला जागा ठेवली नाही.

पाचव्या वर्षी दादांचं दुखणं वाढलं म्हणून मी अर्ज केला आणि परत नाशिक रोडला आले. तोवर ऐंशीचं दशक उजाडलं होतं. मुख्याध्यापक बदलले होते. तुकड्या तशाच होत्या. सरांची मुलगी चांगल्या मार्कांनी दहावी होऊन कॉलेजात गेली होती. मंडळ अजून भरत होतं. मी दोनदा गेले, मग सोडलं.

एक दिवस बाजारात ती नळाची मुलगी भेटली. सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला जात होती. कामावरून सुटून आली होती आणि घाईत होती, तरी थांबली.

"दहावी झालीस ना?" मी विचारलं.

"नाय ना, बाई. गेले. एकाच विषयात."

"कोणत्या?"

"गणितात."

मला वाटलं ती माझी थट्टा करतेय. "तू? गणितात?"

"तुम्ही गेल्यावर सात महिने गणिताला कोणी आलंच नाय. आमचा तास म्हणजे आरडाओरडा. मग एक सर आले, त्यांनी गाइडातनं उत्तरं लिहून दिली. मी परत बसणार होते परीक्षेला, पण राहिलं."

मी विचारू नये ते विचारलं. "तुला ते झाडायला लावायचे, त्याचं वाईट वाटायचं का गं?"

तिने विचार केला. "झाडायचं काय, घरी पण झाडतेच की, बाई. त्याचं एवढं काय नाय वाटलं. गणिताचं वाटलं."

तिची बस आली आणि ती गेली. मी भाजी न घेताच घरी आले. दादांना मी हे सांगितलं नाही. त्यांचं त्या दुपारचं म्हणणं चूक नव्हतं, तिचंही चूक नव्हतं, आणि मधल्या मध्ये मी कळवणला तत्त्व सांभाळत बसले होते.

पण ते सात महिने माझ्या डोक्यातून जाईनात. मी ऑफिसातून जुन्या वेळापत्रकांची फाइल काढली. शिक्षक कमी पडला की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसत होतं. दहावी अ चे तास भरायचे आणि त्यासाठी ड चे तास मोकळे ठेवायचे. कोणी दुष्टपणाने केलेलं नव्हतं. वेळापत्रक खेळाचे शिक्षक करायचे, कारण मे महिन्याच्या सुट्टीतलं हे किचकट काम दुसरं कोणी घेत नव्हतं. ते आधीचं वेळापत्रक उतरवून काढायचे. शाळेतली सगळी यंत्रणा एका ठिकाणी कुठे ठेवलेली असेल तर त्या फाइलीत होती, आणि आमच्या मंडळातल्या एकानेही ती कधी उघडली नव्हती. मीही नाही.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, यंदापासून वेळापत्रक मी करीन. ते इतके खूश झाले, की कारणही विचारलं नाही. सबंध मे मी पट्टी आणि खोडरबर घेऊन बसले. शिक्षक कमी पडला तर तास सगळ्या तुकड्यांमधून पाळीपाळीने मोकळे जातील, अशी सोय केली. आणि मुरलेले शिक्षक ड वर घातले.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं तसे सर माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तुमच्यासारख्या वाचणाऱ्या बाईने चौकटी भरत बसावं? हे कारकुनी काम आहे."

"हो, आहे. त्यात तुमची पण चौकट आहे. सोमवार, तिसरा तास, आठवी ड."

"मला नववी अ असते."

"यंदा नाही."

ते मुख्याध्यापकांकडे गेले, पण वेळापत्रक परत करायचं म्हणजे परत कोणीतरी बसायला हवं होतं, त्यामुळे काही झालं नाही. सोमवारी सर आठवी ड वर गेले. त्यांचं शिकवणं चांगलंच होतं. मुलं गप्प बसून ऐकत होती असं शेजारच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं. तास संपल्यावर ते स्टाफरूममध्ये आले, घाम पुसला आणि म्हणाले, "त्या खोलीत मागच्या चार बाकांपर्यंत आवाजच पोहोचत नाही. हे ऑफिसला कोणी कळवलंय की नाही?"

"तुम्ही कळवा," मी म्हटलं आणि चौथ्या तासाला निघाले.